सातव्या धड्यातले मिस्टर अनंत

इंग्रजीत नामाच्या आधी क्रियापदापासून बनवलेलं विशेषण लावायचं असलं, की मी मुलांना एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगत असे. काम चालू आहे, की होऊन गेलंय? पाणी गॅसवर खदखदतंय, तर ‘बॉइलिंग वॉटर’. उकळून, गार करून, माठात भरून ठेवलंय, तर ‘बॉइल्ड वॉटर’. मराठीत आपण तेच करतो, फक्त आपल्याला ते करतोय हे ठाऊक नसतं. पडणारी भिंत वेगळी आणि पडलेली भिंत वेगळी. पहिलीपासून लांब पळायचं असतं, दुसरीच्या विटा उचलायच्या असतात. छत्तीस वर्षं मी हे पुण्यातल्या एका मराठी शाळेत शिकवलं आणि माझ्या हाताखालून गेलेली मुलं निदान एवढ्या एका बाबतीत चुकत नाहीत.

अनंत रिसबूड या माणसावरचा माझा राग मात्र या दोन्हींतल्या कुठल्या रकान्यात घालायचा, ते मला आजही सांगता येत नाही. ज्या गोष्टीचा राग, ती २००१ सालच्या फेब्रुवारीत होऊन गेली. राग चालूच आहे. मी त्याला तोंडावर ‘अनंतराव’ म्हणते आणि ‘आपण’ म्हणते. मनात अरे-तुरे करते. इथे मनातलंच लिहिणार आहे.

तेव्हा मी शाळेत सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका होते. अनंत माझ्यामागून दोन वर्षांनी लागलेला, भूगोल शिकवायचा आणि पर्यवेक्षक होता. मुख्याध्यापक मार्चअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी हेमा मेहेंदळे बसणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. मी शाळेसाठी काय काय करायचं ते एका वहीत लिहूनही ठेवलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला नीट कडी बसवणं हे त्यात पहिलं होतं.

अनंतची मुलगी सलोनी आमच्याच शाळेत दहावीत होती. इंग्रजीत कच्ची. जूनमध्ये तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “हेमाबाई, आपण जरा घरी बघाल का तिच्याकडे? बाहेर क्लासला घालायची माझी इच्छा नाही. आपल्याइतकं कोणी शिकवत नाही.”

मी हो म्हटलं. मोबदल्याचा विषय त्यानं काढला नाही आणि मी काढू दिला नसता. मी शनिवार पेठेत एकटी राहते. लग्न केलं नाही, आणि का नाही ते विचारायची हिंमत पेठेत अजून कोणाची झालेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सलोनी यायची आणि आम्ही स्वयंपाकघरात बसायचो, कारण ही विशेषणं शिकायला त्याच्यासारखी दुसरी जागा नाही. चिरलेली कोथिंबीर, उतू जाणारं दूध, भाजलेले दाणे, गळका नळ. ती एकेक वस्तू दाखवायची आणि इंग्रजीत विशेषण लावून म्हणायची. पहिल्या महिन्यात तिनं मला ‘कुक्ड टीचर’ केलं, म्हणजे शिजवलेली बाई. आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. जानेवारीपर्यंत ती वर्गातल्या पहिल्या पाचांत आली. इतकं पटकन शिकणारं मूल मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

जानेवारीत मी तिला दहा ओळी लिहायला दिल्या: ‘माझी मंगळवारची संध्याकाळ’. प्रत्येक ओळीत नामाच्या आधी एक असं विशेषण हवं. तिनं लिहिलं, मी दर मंगळवारी माझ्या हसऱ्या बाईंच्या घरी जाते. त्या मला भाजलेले दाणे देतात आणि तपासलेली वही देतात. असं बरंच. मी दहापैकी नऊ दिले, लाल शाईत सही केली, तारीख घातली.

नऊ फेब्रुवारीला शाळा समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर अनंतचं पत्र होतं. सदर शिक्षिका शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या शिकवण्या स्वतःच्या घरी घेतात, न आल्यास नापास करण्याची भीती घालतात, माझ्या स्वतःच्या मुलीवरही ही वेळ आणली, सबब अशा व्यक्तीस मुख्याध्यापकपदी नेमणे कितपत योग्य, वगैरे. सोबत विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरातला पुरावा. वहीतून अलगद कापलेलं ते पान पत्राला टाचलेलं होतं. खाली माझी लाल सही.

मी खरं काय ते सांगितलं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. ते म्हणाले, “मेहेंदळेबाई, तक्रार लेखी आहे म्हटल्यावर चौकशी लावावी लागेल. मुलीलाही समितीसमोर बोलवावं लागेल. दोघांपैकी खरं कोण, ते तीच सांगणार. नाहीतर दुसरा मार्ग आहे. आपणच लिहून द्या की आपल्याला पद नको. मग प्रश्नच मिटतो.”

सलोनीची बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला पाच माणसांसमोर उभं करून विचारायचं, की तुझा बाप खोटारडा की तुझी बाई? अनंतनं हा हिशेब आधीच केला होता. हेमा मेहेंदळे मुलीला उभं करणार नाही, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. मी तिथल्या तिथे चार ओळी लिहून दिल्या. ‘कौटुंबिक कारणास्तव मला मुख्याध्यापकपद स्वीकारता येत नाही.’ माझं कुटुंब म्हणजे मी आणि गॅलरीतली तुळस.

सलोनीला मी काही सांगितलं नाही. त्या मंगळवारी ती आली, तेव्हा आम्ही पत्रलेखन केलं. इंग्रजीत तिला एक्क्याऐंशी पडले आणि ती पेढे घेऊन पळत जिना चढून आली.

अनंत एक एप्रिलला खुर्चीवर बसला. त्यानंतर सात वर्षं प्रत्येक कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर, पालकांसमोर तो एक वाक्य न चुकता बोलायचा: “आमच्या हेमाबाईंनी मोठ्या मनानं हे पद नाकारलं, म्हणून मी इथे आहे.” टाळ्या व्हायच्या. मला उठून नमस्कार करावा लागायचा. सात वर्षं मी त्याच्या थोरपणाला उभं राहून हात जोडले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसली नाही.

आता पुस्तकाचं सांगते.

अप्पा बळवंत चौकात बद्रीनाथजींचं प्रकाशन आहे. गाईड, प्रश्नसंच, व्यवसायमाला, असलं सगळं. २००३ साली त्यांना मराठी माध्यमासाठी इंग्रजी व्याकरणाचं सरावपुस्तक हवं होतं आणि कोणीतरी माझं नाव सुचवलं. या धंद्यात एक पद्धत आहे. नोकरीतल्या शिक्षकाचं नाव पुस्तकावर घालत नाहीत. वर छापतात, ‘लेखक: अनुभवी शिक्षक’. ते अनुभवी शिक्षक कोण, हे छापखान्यातल्या माणसालाही माहीत नसतं. मला ती पद्धत फार आवडली.

सातवा धडा याच विशेषणांचा होता आणि त्याला साठ उदाहरणं हवी होती. व्याकरणाच्या उदाहरणांतली माणसं कोण असतात, त्यांचं पुढे काय होतं, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. मी साठही वाक्यांत एकच माणूस घातला. मिस्टर अनंत.

‘मिस्टर अनंत इज अ फॉलन मॅन.’ फॉलन म्हणजे पडलेला. कुठून पडलेला ते मुलांना विचारलं नव्हतं. ‘द स्मायलिंग मिस्टर अनंत हॅज अ हिडन लेटर.’ हसणाऱ्या अनंताजवळ एक लपवलेलं पत्र. ‘मिस्टर अनंत केप्ट अ टॉर्न पेज.’ फाडलेलं पान. आणि सगळ्यांच्या वर, चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘मिस्टर अनंत सिट्स ऑन अ स्टोलन चेअर.’ चोरलेल्या खुर्चीवर अनंतराव बसतात. काम होऊन गेलेलं आहे, म्हणून स्टोलन. चूक काढून दाखवा.

बद्रीनाथजींनी मुद्रितं चाळली आणि म्हणाले, “बाई, सगळीकडे एकच नाव?”

“मुलांच्या लक्षात राहतं,” मी म्हटलं. तेही खरंच होतं.

पुस्तक चाललं. पुण्यातून साताऱ्याला गेलं, सोलापूरला गेलं, नांदेड-परभणीपर्यंत गेलं. ज्या गावांची नावं अनंतनं फक्त नकाशात शिकवली होती, तिथली मुलं बाकावर उभी राहून त्याला चोर म्हणत होती. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना मी ते डोळ्यांसमोर आणायची आणि चहा गोड लागायचा. याची मला लाज वाटत नाही. सज्जन लोक म्हणतात की सूड घेऊन काही मिळत नाही. त्यांनी घेऊन पाहिलेला नसतो.

दुसऱ्या वर्षी आमच्याच शाळेत ते पुस्तक लागलं. इंग्रजीच्या दुसऱ्या बाईंनी निवडलं होतं, मी अवाक्षर काढलं नाही. एका दुपारी अनंत शिक्षकखोलीत आला. त्याच्या हातात पुस्तक होतं, सातवा धडा उघडलेला. ते त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, “छपाई स्वच्छ आहे.”

“बद्रीनाथजींकडे असतेच,” मी म्हटलं.

तो गेला. तक्रार करायची तर कुठली खुर्ची, कुठलं पान, ते सांगावं लागलं असतं. म्हणजे त्याला कळलं होतं, आणि कळून तो गप्प बसला. मला मात्र एवढ्यावर पोट भरेना. त्याला कळून उपयोग काय, त्याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला हवं होतं की चार लोकांत, उजेडात, नावानिशी कळावं. त्याच्या त्या ‘मोठ्या मनानं’वाल्या टाळ्यांच्या ठिकाणीच कळावं.

यात सलोनीचं काय, असं कोणी विचारील. सलोनी शिकली, इंग्रजीत एम.ए. झाली, लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवू लागली. लग्न झालं, मुलं झाली, पण महिन्या-दोन महिन्यांनी स्वारगेटला बस बदलून माझ्याकडे येतेच. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तिनं आठ दिवस रजा काढली होती. त्या आठ दिवसांत रोज तिचा बाप फोनवर माझी चौकशी करायचा आणि ती म्हणायची, “अरे बाबा, तू काळजी करू नकोस, बाई खडखडीत आहेत.” मी पलंगावर पडून ऐकायची. चोवीस वर्षं मी त्या मुलीपुढे तिच्या बापाचं नाव नीट घेतलं. एवढी एक गोष्ट मी चांगली केली असं मला वाटत होतं.

गेल्या ऑक्टोबरात केदार नावाचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे. हातात लॅपटॉपची बॅग, पायांत मोजे न घालता बूट.

“मॅडम, नोव्हेंबरमध्ये अनंत सरांना पंच्याहत्तर कम्प्लीट होतायत. अमृतमहोत्सव. आमच्या सगळ्या बॅचेस मिळून ग्रँड फंक्शन करतोय. आणि बेसिकली तुमच्याशिवाय ते होऊच शकत नाही.”

“माझा काय संबंध?”

तो हसला. “मॅडम, आता लपवू नका. बद्रीनाथजींनी सांगितलं आम्हाला. ‘मिस्टर अनंत’ तुम्हीच लिहिलंयत ना? अहो, आमचं अख्खं बालपण आहे ते. आम्हाला वाटायचं, आपले सर एवढे फेमस आहेत की डायरेक्ट पुस्तकात आलेत. आमच्या ग्रुपचं नाव काय आहे माहितीये? ‘स्टोलन चेअर’. यू मेड हिम इमॉर्टल, मॅडम.”

मी त्याला चहा विचारला नाही.  वीस वर्षं, साठ वाक्यं, इतक्या आवृत्त्या. मी त्या माणसाला गावोगाव बदनाम करतेय असं समजत होते, आणि प्रत्यक्षात गावोगाव त्याची लाडाची पाटी लावत होते. माझ्या खर्चानं म्हणणार होते, पण माझ्या अकलेनं म्हणणं जास्त बरोबर. इतकी चीड मला त्या नऊ फेब्रुवारीलाही आली नव्हती.

“मला बोलायला मिळेल का?” मी विचारलं.

“ऑफ कोर्स. पाच मिनिटं. सरांच्या रिप्लायच्या आधी.”

पाच मिनिटं मला पुष्कळ होती.

टिळक रस्त्यावरच्या सभागृहात कार्यक्रम झाला. चारशे माणसं होती. अनंत फेटा बांधून मध्यभागी बसला होता. अंगानं वाळलाय, हातात काठी आलीय, पण हसू तेच, दात न दाखवणारं. सलोनी पहिल्या रांगेत. मला बघून तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मला जागा केली.

आधी केदारनं सूत्रसंचालन केलं. मग तो म्हणाला, “आता चॅप्टर सेव्हन.” आणि चारशे माणसं एका सुरात म्हणायला लागली. मिस्टर अनंत इज अ फॉलन मॅन. द स्मायलिंग मिस्टर अनंत हॅज अ हिडन लेटर. पस्तिशीला आलेली, टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माणसं, डोळ्यांत पाणी आणून. चौकटीतलं वाक्य आलं तेव्हा दोघा-तिघांनी पडद्यामागून एक शिसवी खुर्ची आणली. पाठीवर पितळी पट्टी, पट्टीवर ‘स्टोलन चेअर’. अनंतला हात धरून तिच्यावर बसवलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. सलोनी हसून हसून माझ्या खांद्यावर टेकली.

मग मला बोलावलं.

मी काही लिहून नेलं नव्हतं. माइक हातात घेतला आणि सरळ सांगितलं, “तुमच्या सरांनी २००१ साली माझ्याविरुद्ध खोटं पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे मला मुख्याध्यापक होता आलं नाही आणि ते झाले. मी मोठ्या मनानं काही नाकारलेलं नाही. मला नाकारायला लावलं. ती खुर्ची त्यांनी चोरली होती, म्हणून मी ते वाक्य लिहिलं.”

असा हशा उसळला की माइक शिट्टी मारायला लागला. लोक खुर्च्या बडवत होते. मागून कोणीतरी ओरडलं, “बाई, अजून तशाच आहात.” मी म्हटलं, “हसू नका. मी गंमत करत नाही.” ते आणखीच हसले. पुण्यात चेहरा न बदलता बोलण्याची ख्याती जन्मभर कमावली, की असं होतं. मी म्हटलं, “हा माणूस खोटारडा आहे.” टाळ्या. मी अनंतकडे बोट दाखवलं. लोक उभे राहिले. केदारनं माझ्या हातातून माइक घेताना कानात सांगितलं, “मॅडम, एक नंबर.”

मी खाली जागेवर येऊन बसले आणि अनंत उत्तराला उठला. तो हसत नव्हता. चारशे लोकांत तेवढा एकच गंभीर होता, आणि मला वाटलं, आता निदान घाम तरी फुटेल याला. त्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले.

“हेमाबाई जे बोलल्या,” तो म्हणाला, “त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी त्या खुर्चीच्या लायकीचा नव्हतो. खुर्ची त्यांची होती.”

काय सांगू. लोकांनी डोळे पुसले. एवढा मोठा माणूस आणि केवढा नम्र, असं माझ्या मागच्या रांगेतली बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली. त्यानं कबुली दिली, चारशे लोकांसमोर दिली, उजेडात दिली, मला जशी हवी होती अगदी तशी दिली. आणि तिचाही त्याला हार घातला गेला.  आता माझ्याकडे काहीही शिल्लक नव्हतं.

कार्यक्रम संपला. लोक मागच्या दालनात जेवायला निघाले. मंचावर अनंतभोवती फोटो काढणाऱ्यांची रांग होती. मी दाराजवळच्या खांबाशी उभी राहिले, कारण गुडघा दुखत होता आणि कोणाशी बोलायची इच्छा नव्हती. सलोनी माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही बोलत होतात तेव्हा मी आधी हसले. मग तुमचे हात बघितले. तुम्ही वर्गात खरंच चिडायचात ना, तेव्हा अंगठा असा मुठीत धरायचात. कुठलं पत्र?”

माझ्याकडे काहीही शिल्लक नाही असं मी आत्ताच म्हटलं. ते खरं नव्हतं. हे शिल्लक होतं.

मी मंचाकडे पाहिलं. अनंतनं आम्हाला पाहिलं होतं. फोटोसाठी खांद्यावर ठेवलेला कोणाचा तरी हात त्यानं बाजूला केला, काठी घेतली आणि उठला. त्याच्या तोंडाचा रंग उतरलेला मला तेवढ्या लांबून दिसला. त्याला पायऱ्या उतरून, गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत यायला दोन-तीन मिनिटं लागणार होती. तेवढ्यात ‘काही नाही गं, गंमत होती’ असं म्हणता आलं असतं. चोवीस वर्षं म्हणतच होते. समोर उभी होती ती माझी सर्वांत लाडकी विद्यार्थिनी, आणि तिला जपायचं म्हणून मी सगळं सोडलं होतं. हे सगळं मला त्या क्षणी नीट आठवत होतं. मी विसरून बोलले असं कोणी म्हणू नये.

मी सांगितलं. जून महिन्यापासून सांगितलं. तिला माझ्याकडे पाठवलं कोणी, पत्रात काय लिहिलं होतं, समितीसमोर तिला उभं करणार होते ते, मी चार ओळी का लिहून दिल्या ते.

“पण पुरावा काय होता?” तिनं विचारलं. तिचा आवाज अजून साधा होता.

“तुझ्या वहीतलं पान. ‘माझी मंगळवारची संध्याकाळ.’ पत्राला टाचलं होतं.”

 मग ती हळू म्हणाली, “त्यात भाजलेले दाणे होते.”

“हो.”

“ती वही मला सापडेना. परीक्षेच्या आधी मी दोन दिवस घर शोधलं, रडले. बाबा म्हणाला, तूच हरवली असशील, तुझं लक्षच नसतं. मग त्यानंच मला नवी आणून दिली. त्या नव्या वहीत त्यानं स्वतः समास आखून दिले होते, बाई. ती मी अजून जपून ठेवलीय.”

तेवढ्यात अनंत पोचला. धाप लागली होती, फेटा एका कानावर आला होता. तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं, पण तरी तो म्हणाला, “सलोनी, चल, घरच्यांचा फोटो काढायचा राहिलाय.”

“तुम्ही काढून घ्या,” सलोनी म्हणाली.

जन्मात तिनं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. अनंतनं ते ऐकलं. त्याचा खालचा ओठ हलला, काठी हातातून निसटली आणि फरशीवर वाजली. कोणी उचलली नाही. ते तोंड बघायला मी चोवीस वर्षं थांबले होते, आणि मी ते पुरेपूर बघून घेतलं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? सणकन झाला, अंगभर झाला.

मग सलोनी माझ्याकडे वळली. “बाई, तेव्हा तुम्ही गप्प बसलात ते माझ्यासाठी. हो ना?”

“हो.”

“मग आज बोललात ते कोणासाठी?”

माझ्या वर्गात खोटं उत्तर चालत नसे. “माझ्यासाठी,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्या हातातला रिकामा पेला घेतला, शेजारच्या टेबलावर नीट ठेवला आणि दाराकडे चालू लागली. जाताना ती कोणाच्याच पाया पडली नाही. काचेच्या दारातून ती रस्ता ओलांडताना दिसली, मग एक बस मध्ये आली.

काठी मीच उचलली आणि अनंतच्या हातात दिली. तो अजून दाराकडेच बघत होता.

“झालं समाधान?” त्यानं विचारलं.

“झालं,” मी म्हटलं.

जेवणाच्या दालनातून वाढणाऱ्या बाई बाहेर आल्या. आत गर्दी फार होती आणि आम्हा दोघांचं वय बघून त्यांना दया आली असावी. “आजी, आजोबा, तुम्ही दोघं बरोबरच आहात ना?” त्या म्हणाल्या. “मग आत कुठे ढकलाढकलीत जाता? इथेच टेबल लावते.”

अनंतनं माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी बसले.